घराचा पूरविमा: सांगलीच्या दोन महापुरांत जे शिकलो ते

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फुटांची खूण ओलांडली, तेव्हा आम्ही चौघं मिरजेला आत्याकडं होतो. तिथं धोक्याची पातळी ४५ फूट धरतात, यावरून काय ते समजा. कर्नाळ रोडच्या आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. ते उतरल्यावर आलो तर दार फुगून बसलेलं, खांद्यानं ढकलून उघडावं लागलं. फ्रिज स्वयंपाकघरातून तरंगत हॉलमध्ये येऊन पाठीवर आडवा पडला होता.

बाबा म्हणाले, "काळजी करू नका, कर्ज घेताना बँकेनं विमा काढलाय की." कागद शोधला. विमा होता, पण फक्त बांधकामाचा. भिंती तर उभ्याच होत्या. दारं आणि वायरिंगचे थोडे पैसे मिळाले. फ्रिज, कपाटं, गाद्या, शिलाई मशीन, मिक्सर यांचा एक रुपयाही मिळाला नाही, कारण त्यांचा विमा कुणी काढलाच नव्हता. मे २०२१ मध्ये मी स्वतः बसून, वाचून पॉलिसी घेतली. जुलैत पुन्हा पाणी आलं आणि या वेळी दावा मिळाला, तोही थोडा भांडूनच. त्या दोन अनुभवांतून हे लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. यूट्यूबवर "फ्लड इन्शुरन्स" शोधलंत तर निम्मी माहिती अमेरिकेची येते. तिथं घराच्या नेहमीच्या पॉलिसीत पूर धरत नाहीत, सरकारी योजनेतून वेगळी पॉलिसी घ्यावी लागते आणि ती लागू व्हायला साधारण ३० दिवस जातात. टेक्सासात घर घेतलेला तुमचा भाऊ किंवा मेहुणा तेच सांगेल, आणि त्याच्यापुरतं ते बरोबरही आहे. आपल्याकडं पूर हा घराच्या विम्यातलाच एक धोका आहे. वेगळी "पूर पॉलिसी" शोधत बसू नका.

१. आधी घरात पडलेला कागद वाचा

गृहकर्ज असेल तर बँकेनं बहुतेक काहीतरी उतरवलेलं असतं. ते नक्की काय आहे ते पाहा. पुष्कळदा तो कर्जदाराच्या आयुष्याचा विमा निघतो, म्हणजे माणूस गेला तर कर्ज फिटेल, घर बुडालं तर काही नाही. घराचा निघाला तर दोन ओळी शोधा. विमा बांधकामाचा आहे की सामानाचाही, आणि रक्कम घर पुन्हा बांधण्याच्या खर्चाएवढी आहे की फक्त उरलेल्या कर्जाएवढी. आमच्या बाबतीत दोन्हींची उत्तरं वाईट होती. बँकेत तोंडी विचारू नका. पॉलिसीची प्रत मागा, ती तुमचा हक्क आहे.

२. पॉलिसीचं नाव लक्षात ठेवा: भारत गृह रक्षा

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकानं म्हणजे आयआरडीएआयनं घरासाठी एक प्रमाणित पॉलिसी आणली आहे. घराचा विमा विकणाऱ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडं ती मिळते, सरकारी असो की खासगी, आणि मूळ मजकूर सगळीकडं सारखाच असतो. त्यामुळं कंपन्यांची तुलना करताना हप्ता (प्रीमियम) आणि दावा देण्याची रीत एवढंच बघायचं उरतं. एजंट दुसरंच काही चकचकीत नाव सांगत असेल तर "भारत गृह रक्षापेक्षा यात काय वेगळं?" एवढा एक प्रश्न विचारा.

यात पूर आणि पाणी साचणं, वादळ, चक्रीवादळ, भूकंप, आग, वीज पडणं, दरड कोसळणं, जमीन खचणं, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं हे सगळं येतं. आमच्यासारख्यांना महत्त्वाचं म्हणजे अशा घटनेमुळं घर उघडं पडलं आणि सात दिवसांच्या आत चोरी झाली, तर तीही धरतात. २०१९ ला आमच्या गल्लीत पाणी असतानाच दोन घरांच्या गच्चीवरून सिलिंडर गेले होते, म्हणून हे कलम मला पाठ आहे.

आता काय बसत नाही ते. दरवर्षी भिंतीला येणारी ओल, स्लॅबमधून हळूहळू झिरपणारं पाणी, गंजलेली खिडकी ही देखभालीची कामं आहेत. पाऊस स्लॅबमधून ठिबकला म्हणजे पूर आला असं होत नाही. रोख रक्कम यात येत नाही. गाडीही येत नाही. पोर्चमधल्या दुचाकीसाठी मोटार विमाच लागतो, आणि तोही नुसता थर्ड पार्टी असेल तर पुराचे पैसे मिळत नाहीत. (बुडालेली गाडी "बघू तरी" म्हणून चालू करू नका. इंजिनात पाणी ओढलं जातं आणि तिथून वेगळाच वाद सुरू होतो.)

३. बांधकामाची रक्कम: जागेची किंमत बाजूला ठेवा

इथं सगळे चुकतात. "आमचं घर साठ लाखांचं आहे" म्हणताना त्यात जमीन धरलेली असते. जमीन पुरात वाहून जात नाही, निदान विम्याच्या हिशोबात तरी नाही. चटई क्षेत्र (कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा) गुणिले आज बांधायचा दर, एवढीच बांधकामाची रक्कम. घर ६५० चौरस फूट चटई क्षेत्राचं असेल आणि तुमच्याकडं बांधकामाचा दर फुटाला २,००० रुपये असेल, तर १३ लाख. कंपनी हाच हिशोब चौरस मीटरमध्ये करते. दर गावच्या ठेकेदाराला विचारा, दहा वर्षांपूर्वीचं बिल काढून बसू नका. कंपाउंडची भिंत, गच्चीवरची टाकी, सोलर पॅनेल, पोर्च यांचा वेगळा उल्लेख करा.

भारत गृह रक्षात दोन सोयी चांगल्या आहेत. दहा वर्षांपर्यंतची पॉलिसी घेता येते आणि बांधकामाची रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते. शिवाय रक्कम थोडी कमी लावली गेली असेल तरी त्या प्रमाणात दावा कापत नाहीत. पूर्वीच्या पॉलिसीत हेच कापणं फार दुखायचं: घर २० लाखांचं, विमा १० लाखांचा, तर नुकसानीचे निम्मेच पैसे. ते आता गेलंय. म्हणून मुद्दाम कमी लावा असं मात्र नाही, कारण एकूण मर्यादा लावलेल्या रकमेएवढीच राहते.

४. सामान: पूर इथंच खातो

नदीचा पूर आपल्याकडं पक्कं घर सहसा पाडत नाही. तो घरात शिरतो, चार दिवस बसतो आणि जाताना सामान खाऊन जातो. त्यामुळं बांधकामापेक्षा सामानाचा भाग जास्त लक्ष देऊन भरा.

बांधकामाचा विमा घेतला की त्याच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, एवढं घरातल्या सर्वसाधारण सामानाचं संरक्षण आपोआप मिळतं. १३ लाखांच्या घराला २ लाख ६० हजार. ऐकायला बरं वाटतं. एकदा कागद घेऊन बेरीज करा: फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही, दोन पलंग, तीन कपाटं, सोफा, इन्व्हर्टर, पाण्याचं फिल्टर, गाद्या, धान्याच्या कोठ्या, भांडी, मुलांची पुस्तकं, साड्या. आमची बेरीज चार लाखांच्या पुढं गेली आणि आम्ही काही श्रीमंत नाही. २० टक्के पुरत नसतील तर वस्तूंची यादी देऊन जास्त रक्कम घेता येते. हप्ता थोडा वाढतो. घर आणि सामान मिळून माझा पहिल्या वर्षाचा हप्ता दीड हजारांच्या आत बसला होता. हे आकडे प्रत्येकाचे वेगळे येतील, पण गणपतीच्या वर्गणीपेक्षा फार मोठी गोष्ट नाही हे कळावं म्हणून सांगितलं.

दागिने, चांदीची भांडी या मौल्यवान वस्तू सर्वसाधारण सामानात येत नाहीत. त्यांचं वेगळं, ऐच्छिक संरक्षण घ्यावं लागतं. एकूण पाच लाखांपर्यंत आणि एकेक वस्तू लाखाच्या आत असेल तर मूल्यांकनाचा दाखला मागत नाहीत. आमची आई दागिने पिशवीत घालून सगळ्यात आधी बाहेर पडते, त्यामुळं आम्ही ते घेतलं नाही. तुमच्याकडं कुणी असं नसेल तर विचार करा.

घर राहण्याजोगं नसताना दुसरीकडं राहिल्याचं भाडं मिळण्याचीही तरतूद यात आहे. ती तुमच्या पॉलिसीच्या पहिल्या पानावर दिसते का, ते बघून घ्या.

५. तुमचं घर "नेहमीचं" नसेल तर

फ्लॅट: इमारतीचा विमा सोसायटीनं काढला असेल तर लिफ्ट, पंप, मीटर रूम, पार्किंग त्यात येतं. तुमच्या फ्लॅटमधलं सामान येत नाही. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शिरलं, तेव्हा वरच्या मजल्यावरची माणसं कोरडी होती आणि मीटर रूम पाण्याखाली. सोसायटीचा विमा वार्षिक सभेत विचारा. एकाच भिंतीचे पैसे दोन पॉलिस्यांतून दोनदा मिळत नाहीत हेही ध्यानात ठेवा.

भाडेकरू: फक्त सामानाचा विमा घेता येतो. घरमालकाच्या परवानगीची गरज नाही.

जुना वाडा, कौलारू घर: लाकडी फळ्या, बांबू, गवत, ताडपत्री अशा भिंती किंवा छपराचं बांधकाम कच्चं धरतात, त्याला पॉलिसी मिळेल का हे आधी विचारून घ्या. पांढऱ्या मातीच्या भिंती आणि वर कौलं असं असेल तर फोटो जोडून कंपनीला ई-मेलनं विचारा आणि उत्तर जपून ठेवा. एजंटचं "होतंय हो सगळं" हे उत्तर नव्हे.

खाली दुकान, वर घर: दुकानातला माल घराच्या विम्यात येत नाही. एका ठिकाणची मालमत्ता आणि माल पाच कोटींपर्यंत असेल अशा व्यवसायासाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा नावाची वेगळी पॉलिसी आहे.

६. प्रस्ताव अर्जात खरं लिहा

"या जागेत पूर्वी पुराचं पाणी आलं होतं का?" असा प्रश्न येतो. माझा एजंट म्हणाला, "'नाही' असंच लिहू, भानगड नको." मी होय लिहिलं, वर्ष लिहिलं, किती फूट तेही लिहिलं. पॉलिसी मिळाली. आमच्या गल्लीत २०१९ चं पाणी आलं होतं हे शोधायला कंपनीला जुनी वर्तमानपत्रं पुरेशी आहेत, आणि लपवलेलं सापडलं की दावा तिथंच संपतो. घर निळ्या पूररेषेच्या आत आहे की लाल, हे महापालिकेत किंवा जलसंपदा विभागात विचारून घ्या. निळी रेषा साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. आम्ही १६ वर्षांत तीनदा (२००५, २०१९, २०२१) पाणी बघितलं, त्यामुळं या हिशोबावर आमच्याकडं कुणी फारसा विश्वास ठेवत नाही, पण कागदावर तोच चालतो.

घेताना लागणारी कागदपत्रं फार नाहीत: आधार, पॅन, प्रॉपर्टी कार्ड किंवा खरेदीखत, घरपट्टीची पावती, चटई क्षेत्राचा आकडा, कर्ज असेल तर बँकेचं नाव. घर वडिलोपार्जित आणि अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी ते सांगा. पॉलिसी कुणाच्या नावानं निघेल हे दाव्याच्या वेळी शोधायला लागू नये.

आणि हे मे महिन्यात करा. कोयनेतून विसर्ग वाढल्याच्या बातम्या सुरू झाल्यावर फोन केलात तर कंपनी टाळाटाळ करणारच. समोर दिसणाऱ्या पुराचा विमा कोण देईल?

७. एक कोरडा रविवार खर्च करा

दावा मिळाला तो या रविवारामुळं. मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा: दारातून सुरुवात, मग एकेक खोली, प्रत्येक कपाट उघडून. बोलत बोलत काढा, "हा फ्रिज, २०१८ ला घेतला, इतक्याला." फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीनच्या मागच्या स्टिकरचा, म्हणजे मॉडेल आणि सिरियल नंबरचा, जवळून वेगळा फोटो घ्या. पुरानंतर तो स्टिकर चिखलानं निघून गेलेला असतो. बिलं असतील तर त्यांचेही फोटो. बिल नसेल तर बँकेच्या किंवा यूपीआयच्या व्यवहाराची नोंद काढून ठेवा.

हे सगळं स्वतःच्या ई-मेलवर पाठवा आणि गावाबाहेरच्या एका नातेवाइकाला व्हॉट्सअॅप करा. पहिल्या पुरात बिलांची फाइल कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात होती. ती अजून आहे, एक घट्ट वीट होऊन.

८. पाणी उतरल्यावरचे पहिले तीन दिवस

मन साफ करायच्या मागं असतं. चिखल वाळला की खरवडून निघत नाही, वास सहन होत नाही, आणि महापालिकेचा जेसीबी दारात "टाका बाहेर" म्हणत उभा असतो. थोडं थांबा, हा क्रम पाळा.

आत जाण्याआधी मेन स्विच बंद असल्याची खात्री करा. मग काहीही न हलवता व्हिडिओ. भिंतीवर चिखलाची रेघ उमटलेली असते, तिच्याशेजारी टेप उभी धरून फोटो काढा, आकडा वाचता आला पाहिजे. आमची रेघ चार फूट दोन इंचांवर होती. पुढं हाच एक फोटो सगळ्यात जास्त कामाला आला, कारण खालच्या खणातलं काय भिजलं असणार हे त्यानंतर वेगळं सिद्ध करावं लागलं नाही.

त्याच दिवशी कंपनीला कळवा. टोल फ्री लागत नसेल (लागणार नाही, सगळं शहर तेच करत असतं) तर ई-मेल करा, पॉलिसी क्रमांक, तारीख आणि चार फोटो जोडून. दावा क्रमांक मिळेपर्यंत पाठ सोडू नका. सविस्तर दावा नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांत द्यायचा असतो.

वस्तू फेकायची वेळ आलीच तर आधी प्रत्येकीचा फोटो, आणि गादीसारख्या वस्तूचा कापलेला तुकडा पिशवीत ठेवा. इलेक्ट्रिक वस्तू सर्वेक्षक (कंपनीनं नुकसान मोजायला नेमलेला माणूस) येईपर्यंत ठेवाच, अंगणात ताडपत्रीखाली का होईना. भंगारवाला लगेच येतो, त्याला परत पाठवा.

तलाठी पंचनाम्याला येतील, तो करून घ्या आणि प्रत मागा. सरकारी मदत आणि विमा या दोन वेगळ्या वाटा आहेत, एक घेतली म्हणून दुसरी बुडत नाही. पण सरकारी मदतीवर विसंबू नका. आपत्ती निवारणाच्या निकषांत पक्कं घर पूर्ण पडलं तर सपाट भागात १ लाख २० हजार रुपये आहेत, आणि तुमचं घर पडलेलं नसतं, भिजलेलं असतं.

९. सर्वेक्षक आल्यावर

नव्या नियमांनुसार कंपनीनं कळवल्यापासून २४ तासांत सर्वेक्षक नेमायचा असतो आणि त्यानं १५ दिवसांत अहवाल द्यायचा. महापुरात सगळ्या गावाला तेवढेच सर्वेक्षक असतात, तेव्हा मनाची तयारी ठेवा, पण तारखा लिहून ठेवा.

आमच्याकडं पाचव्या दिवशी एक शांत गृहस्थ आले. त्यांनी कपाटाच्या पाठीवर अंगठा दाबला, प्लायवूड पावासारखं आत गेलं, त्यांनी लिहून घेतलं. चहा घेतला नाही. त्यांच्या हातात द्यायला हे तयार ठेवा:

- भरलेला दावा अर्ज आणि पॉलिसीची प्रत
- वस्तूंची यादी: नाव, घेतल्याचं वर्ष, आजची किंमत
- पुराआधीचे आणि नंतरचे फोटो, असतील ती बिलं
- गवंडी, सुतार, इलेक्ट्रिशियन यांचे लेखी अंदाज, सही आणि तारखेसह
- पंचनाम्याची प्रत
- आधार, पॅन, रद्द केलेला चेक

गाळ, पडलेला राडारोडा काढण्याचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि आर्किटेक्ट, इंजिनिअरची फी ५ टक्क्यांपर्यंत मिळते. बहुतेक जण हे मागतच नाहीत. ट्रॅक्टरवाल्याकडून साधी पावती घ्या.

आणि वाढवून लिहू नका. शेजारच्या एकांनी जुन्या टीव्हीच्या जागी मोठा टीव्ही लिहिला. भिंतीवरच्या खिळ्यांमधलं अंतर मोजून सर्वेक्षकानं तो पकडला, आणि मग त्यांची बाकीची खरी यादीही संशयानं बघितली गेली.

१०. पैसे कमी आले किंवा नाकारले तर

आधी लेखी कारण मागा. कुठल्या कलमाखाली कापलं, ते. पॉलिसी घेताना जो कागद मागितलाच नव्हता, तो आता नाही एवढ्याच कारणानं दावा फेटाळता येत नाही. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. तिथं काही झालं नाही तर नियामकाच्या "बिमा भरोसा" पोर्टलवर तक्रार करा, किंवा १५५२५५ वर फोन. कंपनीनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर विमा लोकपालाकडं जा. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, वकील लागत नाही, फी नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं तिथं चालतात. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं.

आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. कपाटं "वाळवून वापरता येतील" म्हणून निम्मी रक्कम कापली होती. सुताराकडून एका ओळीचं पत्र आणलं की फुगलेलं प्लायवूड वाळल्यावर सुटतं, सोबत अंगठ्याच्या खड्ड्याचा फोटो जोडला. तीन आठवड्यांनी उरलेले पैसे आले. त्यातून लोखंडी कपाटं घेतली, आणि पलंग असा की जुलै लागला की पायांखाली चार-चार विटा सरकवता येतात.